सुनेनं पुरं केलेलं वाक्य

मावशींची जीभ आणि मावशींचं शिलाई मशीन, दोन्ही एकदा सुरू झाली की थांबायचं नाव घेत नाहीत, असं गल्लीत सगळे म्हणत. मावशींना त्याचा राग नव्हता. माप घेता घेता त्या समोरच्या बाईचं माहेर, सासर, दुखणंखुपणं सगळं काढून घेत आणि वर पदरच्या चार गोष्टी जास्त सांगत. अशा बाईच्या घरात सून आली ती अडखळत बोलणारी.

पोरगी गुणाची होती. छापखान्यात पुस्तकांची पानं लावायची. हात नेटका, डोकं शांत. पण बोलायला लागली की एखाद्या अक्षरावर गाडी अडायची.

"आई, खि-खि-खि..."

"खिडकी लावू? लाव, लाव."

वाक्य पुरं करून मावशी मोकळ्या. त्यात वाकडं काही नव्हतं. उलट पोरीचा त्रास वाचवतोय असंच त्यांना वाटे. दुकानात, बँकेत, पाहुण्यारावळ्यांत सुनेच्या वतीनं त्याच बोलत. सूनही हळूहळू नुसती मान हलवून भागवायला लागली होती.

मावशींच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि नेमकी मुलाला रजा मिळेना. मग बरोबर सून आली. ऑपरेशन सुरळीत झालं. उजव्या डोळ्यावर पट्टी बसली. डाव्यातही मोतीबिंदू होताच, त्यामुळे समोरचं सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसत होतं. सिस्टरनी हात धरून त्यांना बाजूच्या खोलीत आणलं आणि आरामखुर्चीत टेकवलं.

"आता थोडा वेळ शांत पडायचं. वाकायचं नाही, खोकायचं नाही. बोलणंसुद्धा कमीच."

"अगं बाई," मावशी म्हणाल्या, आणि गप्प झाल्या.

खोलीत ऑपरेशन झालेले आणखी काहीजण होते आणि त्यांच्याबरोबर आलेली माणसं होती. फोन बंद ठेवावा अशी पाटी भिंतीवर होती म्हणे. पण निम्म्या लोकांच्या डोळ्याला पट्टी, ती वाचणार कोण? आणि दाराजवळच्या गृहस्थाचे दोन्ही डोळे धडधाकट असून त्यानंही ती वाचली नव्हती. त्याचा फोन स्पीकरवर होता, त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं खोलीला फुकटात ऐकायला मिळत होतं. घरी न्हाणीघराचं काम काढलेलं. फरशी कुठली बसवायची यावर कारागिराशी वाद चाललेला.

"निळी नको रे! निळी लावली की घराचं हॉस्पिटल वाटतं!"

खोटं कशाला सांगा, सुरुवातीला मावशींची छान करमणूक झाली. पण कारागीर झाला, मग बहीण झाली, मग मेहुणा. मध्येच कसला तरी खिदळणारा व्हिडिओ. त्या गोंगाटानं मावशींचं डोकं ठणकायला लागलं. सिस्टरनी एकदा हटकलं, तर त्यानं बोट वर केलं, "एकच मिनिट हां!" आणि पुन्हा कारागिराला लावला. पालथ्या घड्यावर पाणी.

मावशींच्या शेजारच्या खुर्चीत एक आजोबा होते. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस, आज एकटाच आलेला. सिस्टर त्यांना घरी घालायच्या थेंबांचं समजावत होत्या. कुठली बाटली आधी, कुठली मागाहून, मध्ये किती थांबायचं. पण फरशीच्या गदारोळात आजोबांच्या कानापर्यंत काही पोचत नव्हतं. "काय? काय म्हणालात?" त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली असावी. एवढ्यात सिस्टरना आतून हाक आली. "समजलं ना आजोबा?" त्यांनी मान डोलावली आणि त्या घाईनं गेल्या.

मावशींच्या दुसऱ्या बाजूची खुर्ची करकरली. सून उठली होती.

"अहो दादा," ती म्हणाली, "तु-तुमचा फो-फो-फो..."

"काय?" गृहस्थ म्हणाला. "फो-फो-फो? इंजिन चालू होईना वाटतं!"

फोनमधून कारागीरही खो-खो हसला.

मावशींच्या रक्तानं उसळी घेतली. ओठांवर वाक्य तयार होतं, आणि त्याच्यामागे त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी आणखी डझनभर वाक्यं रांगेत उभी होती. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात सुनेचा हात त्यांच्या खांद्यावर आला. जोर अजिबात नव्हता त्यात. नुसता ठेवलेला. पण त्याचा अर्थ मावशींना कळला, आणि त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं. आयुष्यात इतकं जड काम त्यांनी क्वचितच केलं असेल.

"हसून घ्या," सून म्हणाली. "मी थां-थांबते. मला बोलायला वेळ ला-लागतो. पण वाक्य पुरं केल्याशिवाय मी ब-बसणार नाही."

आता कोणी हसलं नाही.

"फोन बा-बाहेर घेऊन जा. या आजोबांना थें... थेंब कसे घालायचे ते ऐकूच आलेलं नाही. तु-तुमच्या आवाजात. त्यांच्या घरी सांगायला कु-कुणी असेल नसेल. डो-डोळा आहे तो. फरशी नाही, ना-नापसंत पडली म्हणून ब-बदलायला."

एकेक शब्द जागच्या जागी बसला. आवाज कापत होता, पण मागं सरत नव्हता. तिचा चेहरा मावशींना दिसत नव्हता. दुधाळ उजेडात फक्त एक ताठ उभी आकृती दिसत होती.

"हॅलो? मग पांढरी का?" फोनमधून कारागीर विचारत होता. गृहस्थानं फोन बंद केला. मग उतरलेल्या आवाजात म्हणाला, "माझी आई आत आहे हो. नुसतं बसलं की भलतंसलतं मनात येतं. म्हणून बोलत सुटलो. आणि मघाशी ते... तसं बोलायला नको होतं मी."

"मा-माझ्याही आई आत होत्या," सून म्हणाली. "मलाही भी-भीती वाटली. तुम्ही बाहेर बो-बोला. हाक आली की मी ये-येते सांगायला."

तो खाली मान घालून बाहेर गेला. आणि त्याच्या आईला बाहेर आणलं तेव्हा सून खरंच त्याला बोलावून आली.

सिस्टर परतल्यावर आजोबांना सगळं पुन्हा नीट सांगितलं गेलं. "मी तर दोन्ही बाटल्या एकदमच घालणार होतो," आजोबा म्हणाले. मग मावशींकडे वळून विचारलं, "मुलगी का तुमची?"

"सून," मावशी म्हणाल्या. "सून आहे माझी." बोलणं कमी करायचं होतं, पण तेवढं मात्र त्यांनी कोपऱ्यातल्या माणसालाही ऐकू जाईल असं सांगितलं. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. 'माझ्याही आई' हे शब्द त्यांनी मनात परत परत घोळवले.

संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. ऑपरेशन कसं झालं, दुखतंय का, तिचे प्रश्न सुरू झाले.

"ऑपरेशनचं राहू दे गं," मावशी म्हणाल्या. "आमच्या हिनं आज काय केलं ते ऐक. भर खोलीत एका माणसाला असं सुनावलं, असं सुनावलं..."

"कोण, तुझी सून? तिला कुठं धड बोलता येतं?"

"येतं की. तुला-मला ऐकायचा धीर नाही. थांब, तिच्याच तोंडून ऐक. आणि हे बघ, मध्ये एक अक्षर बोलायचं नाही."

त्यांनी फोन सुनेच्या हातात दिला. सून आधी संकोचली, मग सांगायला लागली. मावशी उशीवर डोकं टेकून ऐकत राहिल्या. शब्द अडत होते, सुटत होते, पुढं जात होते. सांगून झाल्यावर पलीकडून बहीण काय म्हणाली कोण जाणे; सून लाजून हसली आणि फोन ठेवून थेंबांची बाटली शोधायला लागली.