पेशंटसोबतचे नातेवाईक

तीन दिवस झाले तरी नवऱ्याचा ताप हटेना. अंग पुसताना मला त्याच्या गुडघ्यामागे गोचीड सापडली, रक्त पिऊन टम्म फुगलेली. चिमट्याने हळूच ओढून डबीत घातली आणि दोघांना घेऊन दवाखाना गाठला. नवऱ्याला सावरायला दोन्ही हात हवे होते, म्हणून मी आधी डबी काउंटरवर ठेवली. तिथेच माशी शिंकली.

काउंटरवर आधी येईल तो पेशंट, असा तिथला नियम. काउंटरवरच्या बाईंनी गोचिडीला आत पाठवलं आणि नवऱ्याच्या शर्टाला ‘नातेवाईक’ असा बिल्ला लावला.

“अहो, आजारी हे आहेत!” मी ओरडले.

“घरात आजारपण असलं की सगळ्यांचीच अशी दशा होते,” बाई मायेने म्हणाल्या. “पेशंट तुमचं कोण?”

“माझ्याच रक्तावर वाढलीय हो,” नवरा तापात बरळला.

बाईंचे डोळे पाणावले.

आत गोचिडीला खिडकीजवळची खाट मिळाली. बाहेर बाकावर नवरा कुडकुडत होता. सिस्टर येऊन सांगायच्या, “आता जरा पाय हलवले हं तिने.” मी नवऱ्याच्या मनगटावरचं लाल पुरळ दाखवलं. “जागरणाने होतं,” म्हणाल्या. सासूबाईंनी तर फोनवर हद्दच केली. “त्याच्यापाशी काय बसलीस? आत जा, पेशंटजवळ कुणीतरी हवं!” पोटचा पोरगा तो त्यांचा! रात्र सरली तशी मी हादरले. पुरळ तळव्यांवर पसरलं होतं आणि नवरा मला ओळखेनासा झाला होता.

सकाळी डॉक्टर बाहेर आले, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. “आम्ही शर्थ केली, पण नाही वाचली.”

नवरा हमसून हमसून रडला. मीही रडले, पण संतापाने. खाट रिकामी झाली एवढंच मला कळलं. कुणी अडवायच्या आत मी त्याला फरफटत नेऊन तिच्यावर निजवलं.

खाटेवर माणूस दिसताच डॉक्टरांनी मनगटं पाहिली, तळवे पाहिले. “गोचीड चावली होती?”

“हो.”

“सिस्टर, रक्त घ्या आणि गोळी आत्ताच्या आत्ता सुरू करा! या तापात रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं.” मग ते माझ्यावर उखडले. “इतका उशीर? माणसाच्या जिवाची काही काळजी आहे की नाही तुम्हाला?”

मी खाटेवर चढून बसले. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि गोळी घशाखाली उतरेपर्यंत पाण्याचा ग्लास त्याच्या ओठांना लावून धरला.