कढईत झोपणारा घरजावई

तांब्याची भांडी ठोकण्यात उभा जन्म गेला, त्यात तांबटकाकांचे कानही गेले. रेडिओवरची विनोदी मालिका काकू एकट्याच ऐकायच्या आणि भाग संपला की नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन सगळा ओरडून सांगायच्या. सांगताना स्वतःच इतक्या हसायच्या, की काकांचीही हसून पुरेवाट व्हायची.

गेल्या महिन्यात काकू देवाघरी गेल्या. बायकोला हसवणारी ती मंडळी एकदा स्वतःच्या कानांनी ऐकावीत, म्हणून आजवर कानाच्या यंत्राला नाक मुरडणाऱ्या काकांनी लेकीकडून ते मागून घेतलं.

आज भाग संपला, तसं लेकीनं विचारलं,

"कशी वाटली, बाबा?"

"अगदीच अळणी. अगं, तो कढईत झोपणारा घरजावई कुठे गेला?"

"असा कुणी नाहीच यात. मी पहिल्यापासून ऐकतेय."

"आणि त्याची सासू?"

लेकीनं नकारार्थी मान हलवली. तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे हिनं मनानंच रचलं होतं सगळं, माझ्यासाठी?" काकांनी यंत्र काढून मुठीत धरलं. "सासूनं त्याला कढईसकट बाजारात नेलं होतं गं. पुढे काय झालं, ते आता कुणाला विचारू?"