रंगवलेल्या खिडकीतली तेक्ला

आमच्या पुंतास्कूरा गावात ज्याला खिडकी परवडायची नाही, तो ती भिंतीवर रंगवून घ्यायचा. माझ्या आजेसासऱ्यांनीही समुद्राकडच्या भिंतीवर हिरव्या झडपांची एक बंद खिडकी रंगवून घेतली. इतकी हुबेहूब, की एक चोर तिच्यातून आत शिरायला गेला आणि त्याचे पुढचे दोन दात अजून खिडकीखालच्या भिंतीत रुतलेत. खोटं वाटत असेल तर येऊन बघा. भाडं मात्र तुमचं तुम्ही भरा.

त्या भिंतीमागे माझी खोली. अंधारगुडुप. गुडघे धड होते तोवर कुरकुर नव्हती. एकशेबारा पायऱ्या उतरलं की धक्का, होड्या, भांडणं, सगळं मिळायचं. ऐंशीव्या वर्षी गुडघ्यांनी संप केला आणि मी त्या खोलीत बरणीतल्या मांदेलीसारखी मुरत पडले. खाली बोटी भरभरून पाहुणे यायचे, माझ्या खिडकीचे फोटो काढायचे आणि म्हणायचे, "अगं बाई, काय नशीबवान लोक! रोज समुद्र बघतात!"

मी अर्ज केला, तिथे खरी खिडकी पाडू द्या. शहरातल्या वारसा कचेरीचं उत्तर आलं: खऱ्या खिडकीमुळे गावाच्या अस्सलपणाला बाध येतो. सबब, नाही.

माझा भाचा जेर्वाझिओ गवंडी. त्याला म्हटलं, "फोड भिंत."

"आत्या, पकडलं तर बुजवायला लावतील. कायमची."

"मग मरू का अंधारात?"

"तू कसली मरतेस! तुला वर बोलवायला देवसुद्धा घाबरतो."

पण फोडली त्यानं. हिवाळ्यात समुद्र खवळतो, बोटी येत नाहीत, तेव्हा. बरोब्बर रंगवलेल्या खिडकीच्या जागी भगदाड पाडलं आणि तशाच हिरव्या लाकडी झडपा बसवल्या. ठरलं असं, की बोटीचा भोंगा वाजला की झडपा बंद. खालून कुणाला पत्ता लागायचा नाही.

झडप उघडली आणि चार वर्षांनी मला समुद्र दिसला. डोळे भरून आले. मग धक्क्यावर ओत्ताविया दिसली, ती मासे आणि गावाच्या फोटोंची कार्डं विकते. म्हटलं, एवढा आवाज साठलाय, वाया कशाला घालवू?

"ओत्ताविया! कालची मांदेली आजची म्हणून विकतेस होय गं?"

"अगं बया, उठली का ही तेक्ला! चार वर्षं किती सुखात होता गं माझा धंदा!"

झालं. तिनं कचेरीला पत्र धाडलं आणि वसंतात तपासायला तिथले क्वालियासाहेब बोटीनं हजर. भोंगा वाजला, मी झडप ओढली, तर खाऱ्या हवेनं लाकूड फुगून बसलेलं. हलेचना! उठून आत पळावं, तर गुडघे हे असे. आता खिडकी वाचवायची एकच तऱ्हा उरली होती. मी चित्र झाले.

खालून ओत्ताविया बोट दाखवत ओरडली, "साहेब, ती बघा! खिडकीही खरी आणि म्हातारीही खरी!"

साहेबांनी दुर्बीण लावली. तेवढ्यात एक समुद्रपक्षी येऊन माझ्या डोक्यावर बसला. बसला तर बसला, त्याला जे करायचं ते करूनही गेला. मी पापणी लवू दिली नाही.

"बाई, पाखराला जे कळतं ते तुम्हाला कळत नाही," साहेब म्हणाले. "चित्र आहे ते."

"अहो, जिवंत आहे ती! मी तिला नाकावरनं ओळखते!"

"नाकावरनंच तर समजतं. असलं नाक निसर्ग करत नाही. चित्रकार भरात आला की होतं."

जीभ दातांखाली धरली मी. दुसऱ्या कुठल्या दिवशी त्याला फुलदाणी फेकून मारली असती.

"पण पूर्वी खिडकी बंद होती हो!"

साहेबांनी वही काढली. "इथे 'रंगवलेली खिडकी' एवढंच लिहिलंय. बंद की उघडी, याची नोंद नाही." आणि लिहून टाकलं त्यांनी. महिन्याभरात हुकूम आला: खिडकी, म्हातारीसह, दुर्मिळ ठेवा. कुणीही हलवू नये, झाकू नये, बदलू नये.

खिडकी वाचली. आता पहिल्या बोटीपासून शेवटच्या बोटीपर्यंत मी तिच्यात बसते. मान वळवायची सोय नाही, त्यामुळे एवढ्या मोठ्या समुद्रातला एक काळा खडक तेवढा मला दिसतो. तो मात्र तोंडपाठ झालाय. धक्क्यावर ओत्ताविया माझीच कार्डं विकते आणि तिचा धंदा तिप्पट झालाय.

मंगळवारी मात्र मी गुडघे शेकत पडते. एक दिवस जरी खिडकी रिकामी दिसली तर पुढे कार्डं कोण घेणार? म्हणून त्या दिवशी ओत्ताविया दुकान बंद करते, एकशेबारा पायऱ्या चढते आणि माझी शाल पांघरून बसते.

जेर्वाझिओ सांगत होता, कचेरीत पाहुण्यांच्या तक्रारी गेल्यात म्हणे. मंगळवारचं चित्र अगदीच सुमार आहे.