कट म्हणायचा हक्क

लोखंडी नळीचा फटका पुन्हा त्याच बरगडीवर बसला आणि संभाजी गुडघ्यांवर आला. पत्र्याच्या चिलखतात आवाज असा घुमला की दात शिरशिरले. "बस," तो आतून म्हणाला. पण ते ऐकू जाणार कुणाला? टोपाला आतून बोटभर जाडीचा फोम चिकटवलेला, आणि सिनेमातल्या लोहपुत्राचा आवाज मागाहून मद्रासचा एक माणूस भरायचा. टोपातला माणूस शिव्या देतोय की रडतोय, याच्याशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं.

मारायचं खरं म्हणजे गौसने. गुंडाचं काम त्याचं. पण गौस आणि संभाजी रोज हैदराबादेत कोठी भागातल्या हॉटेलात एका टेबलावर चहा पिणारे, त्यामुळे गौसची नळी पत्र्याला नुसती चाटून जायची. शेवटी दिग्दर्शक मुकुंदराव देगलूरकरांनी ती हिसकावून घेतली होती आणि ते स्वतःच शिकवत होते.

"असं मारायचं," ते गौसला म्हणाले आणि आणखी एक हाणला. "पत्रा खरा चेपला पाहिजे. प्रेक्षक काय गाढव आहेत?"

मुकुंदराव म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. आभाळातून पडलेल्या लोखंडी माणसाची गोष्ट त्यांनी एकट्याने उभी केली. तेलुगूत चार सिनेमे झाले, चारही हिंदीत गेले, पोरं थिएटरात खुर्च्यांवर उभी राहून शिट्ट्या मारायची. या लोहपुत्राचा नियम एकच, माणसावर हात उचलायचा नाही. सगळे त्याला झोडपतात, तो सोसतो, आणि शेवटी मारणाऱ्याचाच हात गळून पडतो. दुसरा नियम सेटचा. कट म्हणायचं ते फक्त मुकुंदरावांनी. इतर दिग्दर्शक मारामारी आली की सेट फाईट मास्तरच्या हवाली करून चहा प्यायला जातात. इथे मास्तर होता, पण तो कोपऱ्यात पेपर वाचत बसायचा. एकदा पडद्याने पेट घेतला तरी कॅमेरामन मुकुंदरावांच्या तोंडाकडे बघत राहिला होता.

आणि गंमत बघा, कधी हात न उचलणारा नायक ज्याने घडवला, त्या माणसाचा स्वतःचा हात मात्र सदा उठलेला. सेटवर त्यांची थप्पड न खाल्लेला माणूस शोधून सापडला नसता. संभाजीला आधी याचं हसू यायचं. हिंगोलीहून आलेला साडेसहा फुटी माणूस तो, चिलखतात शिरला तो कायमचाच. चेहरा कुणी पाहिलेला नाही. बरकतपुऱ्यातल्या शाळेत त्याची मुलगी छाती फुगवून सांगायची, लोहपुत्र म्हणजे माझे बाबा, आणि पोरी तिला थापाडी म्हणायच्या. पण लोहपुत्र कुणाला मारत नाही, याचा संभाजीला मनापासून अभिमान होता. घरी हे तो कुणाला बोलून दाखवत नसे, एवढंच.

यंदा सगळंच फिरलं होतं. घरोघर केबलची तार गेली होती, पोरं परदेशी कुस्त्या आणि मशीनगनी बघत होती. पाचव्या भागाला पैसा मुंबईच्या नव्या कंपनीचा, आणि कंपनीने पाठवलेला माणूस अविनाश, मूळचा पुण्याचा, कमरेला पेजर लावून फिरणारा. आता लोहपुत्राने उलटून मारलंच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मुकुंदरावांनी त्याच्या अंगावर कपबशी फेकली होती. करारात शेवटचा शब्द त्यांचा होता.

म्हणून अविनाशने दुपारी संभाजीला मेकअपच्या खोलीत गाठलं. चालू कॅमेऱ्यात एक ठोसा हाणा, म्हणाला, निगेटिव्ह आमची, म्हातारा काय करणार? पुढच्या भागात उघडा चेहरा, पोस्टरवर नाव. आणि जमणार नसेल तर हैदराबादेत उंच माणसांचा काय तुटवडा आहे का? संभाजी टोप उचलून सेटवर निघून आला होता. मुलीचा चेहरा मात्र डोळ्यांपुढून हलत नव्हता.

आता कॅमेरा सुरू झाला. गौसने नळी उचलली आणि परत हळूच टेकवली.

"मेरा हात नै उठरा, साब," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

मुकुंदरावांचं डोकं फिरलं. कॅमेरा चालू असताना ते तसेच आत घुसले, गौसला ढकललं, नळी घेतली आणि तोंडाला येईल ते बोलत संभाजीला बडवू लागले. पाठीवर, खांद्यावर, मग त्याच बरगडीवर. या वेळी आत काहीतरी कट्कन मोडलं. संभाजीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि त्याच अंधारीत त्याने हात वर करून नळी पकडली.

अविनाश खुर्चीतून उठून उभा राहिला. हवं ते आता एका हिसक्यावर आलं होतं.

संभाजीने नळी सोडली. गळ्याखालचं बक्कल काढलं, टोप उतरवून नीट जमिनीवर ठेवला. उजव्या हाताचा लोखंडी पंजाही काढला. मग त्या उघड्या हाताने मुकुंदरावांच्या मुस्काटात अशी ठेवून दिली की ते थर्माकोलच्या खडकांवर जाऊन कोसळले. ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं.

"अहो, टोप घालून मारायचं ना!" अविनाश ओरडला. "हे काय कामाचं मला?"

"लोहपुत्र मारत नाही," संभाजी म्हणाला. "हे माझं होतं."

मुकुंदराव उठले, रक्त थुंकले आणि संभाजीसमोर येऊन उभे राहिले. आता हा माणूस आपल्याला जिवंत सोडत नाही, असंच संभाजीला वाटलं. पण त्यांचा आवाज अगदी थंड होता.

"बरोबर. लोहपुत्र मारत नाही. तो सोसतो, आणि तुझ्याने आता ते होत नाही. काढ चिलखत."

साठीला आलेल्या माणसाने आपल्याला ढगळ होणारं ते ओझं अंगावर चढवलं. लोहपुत्र त्यांचा होता, आणि तो कसा सोसतो हे ते दाखवणार होते. टोप घालण्याआधी त्यांनी गौसला बजावलं, मी कट म्हणेपर्यंत हात थांबला तर उद्यापासून तोंड दाखवू नकोस. गौस नक्को नक्को करत मागे सरला, पण ऐकतंय कोण! बक्कल संभाजीनेच आवळलं. आवळताना त्याला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं.

पहिला फटका भीतीचा होता. दुसरा पोटाच्या काळजीने मारलेला. त्यानंतर गौसला काय झालं कुणास ठाऊक. आजवर खाल्लेल्या सगळ्या थपडा त्याच्या दंडात उतरल्या. तो दात खाऊन मारू लागला. पत्रा चेपत गेला. मुकुंदराव गुडघ्यांवर आले, मग एका हातावर. नळी टोपावर बसली तेव्हा मास्तरने पेपर खाली ठेवला. कॅमेरामन भिंगाला डोळा लावून तो एक शब्द कधी येतो याची वाट बघत होता. म्हातारा कसला सोसतोय, असं कुणीतरी हळूच म्हणालं, आणि त्या बोलण्यात कौतुक होतं.

फक्त संभाजीला कळलं. त्या टोपात त्याच्याइतका वेळ दुसरं कुणी राहिलंच नव्हतं.

त्याने एक फटका पडू दिला. मग आणखी एक.

"कट," तो म्हणाला.

गौसचा हात वरच्या वर थांबला. कॅमेरा बंद झाला. कोण बोललं, असं कुणी विचारलं नाही. संभाजी मोडक्या बरगडीवर हात दाबत खाली बसला, बक्कल सोडवलं आणि टोप उचलला. मुकुंदरावांचे डोळे मिटलेले होते, कानातून रक्ताची धार मानेवर आली होती, आणि बसलेल्या बारीक आवाजात ते अजून म्हणतच होते, "कट... कट... कट..."