पत्र्याच्या पेटीला चिकटलेला नारळ

खापरच्या बाजारात त्या दिवशी मिठाचे ढीग, बांगड्यांच्या पाट्या सगळं वाऱ्यावर सोडून माणसं आंब्याखाली धावली होती. तीन बांबू एकमेकांना टेकवून उभे केले होते, मधोमध सुतळीने एक शेंडीचा नारळ टांगला होता आणि त्याच्यापाशी श्रीफळबाबा डोळे मिटून बसले होते. बाबांनी दाढीला इतकं तेल चोपडलं होतं की तिच्यावर बसलेली माशी घसरत होती.

आल्या आल्या त्यांनी एका शेळीचा निकाल लावला. दोघे जण तिच्यावर हक्क सांगत होते. एकाच्या कमरेला विळा, दुसऱ्याच्या हातात नुसती दोरी. दोघांना नारळाच्या दोन बाजूंना उभं केलं. नारळ गरगरला, डुलला आणि थेट विळेवाल्याच्या कमरेकडे झेपावला. लोकांनी हात जोडले. दोरीवाला रडकुंडीला आला.

"झूठ के सामने नारियल हिलता नहीं, बच्चा!" बाबा गरजले. "बारा वर्षं हे श्रीफळ नर्मदामैयाच्या डोहात तप करत होतं. सत्याचा वास आला की धावतं!"

"बारा वरीस पाणीमा, तरी कुजनं नही?" हॉटेलवाला धुडकू हळूच म्हणाला. शेजारच्या माणसाने त्याला कोपर मारून गप्प केलं.

गर्दीत लोटन उभा होता आणि त्याला हसावं की रडावं ते कळत नव्हतं. लोटन सरकारी पाहणीचा कारकून. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा, घरची केळी सोडून नोकरीला लागलेला. होळीनंतर तो आसपासच्या पाड्यांवर घरोघर फिरून कुणाला काम आहे, कुणाला नाही, ते लिहून आला होता. त्याचे कागद खांद्याच्या कापडी थैलीत होते. आणि आता त्या थैलीची पाळी होती.

भानगड अशी होती. खापरहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम चालू होतं. मुकादम सुपडूच्या हजेरीपटाप्रमाणे पाड्यांवरच्या दोनशे कामकऱ्यांपैकी जवळजवळ सगळे रस्त्यावर होते. लोटनच्या पाहणीप्रमाणे जेमतेम साठ. सगळ्यांना काम असेल, तर बंधाऱ्याचं दुसरं काम उघडायचं नाही; नसेल, तर उघडायचं, असा वरचा हुकूम होता. तालुक्याच्या साहेबांना आज संध्याकाळच्या आत आकडा कळवायचा होता आणि मुकादमाने त्यांच्या सोयीसाठी बाबा आणले होते.

"साहेब, नारळावरून आकडा ठरवायचा?" लोटनने विचारलं.

साहेबांनी घाम पुसला. "लोटनराव, दोन्ही कागद सरकारी. खोटा कुणाला म्हणू? देवाने सांगितलं तर निदान माझ्यावर बालंट नाही."

मुकादमाने हजेरीपटाची पत्र्याची पेटी नारळाच्या उजवीकडे ठेवली. लोटनने नाइलाजाने थैली डावीकडे ठेवली. बाबांनी नारळाला गोल झोका दिला, "ओम् ह्रीं फट्, सत्य दाखव झटपट!" असं काहीतरी पुटपुटले आणि हात काढून घेतला. नारळ फिरला, अडखळला आणि टण्णकन पेटीला जाऊन चिकटला. सुतळी तिरपी ताणलेली, नारळ पेटीला घट्ट.

"जय हो!" गर्दी ओरडली. मुकादमाने मिशीवरून हात फिरवला. साहेबांनी लेखणी काढली.

"थांबा, साहेब! तीनदा कौल घेतात," बाबा म्हणाले. यश डोक्यात गेलं की माणसाला थांबवत नाही, तसंच बाबांचं झालं. त्यांनी नारळ सोडवला आणि पुन्हा फिरवला.

तेवढ्यात गर्दी रेटत हिरीबाई पुढे घुसली. डोक्यावर रिकामं लोखंडी घमेलं. रोज ती ते घेऊन रस्त्यावर जायची आणि मुकादम रोज तिला "जागा भरनी" म्हणून परत पाठवायचा. बंधारा उघडला नाही तर पोरीचं नाव शाळेतून काढून तिला सोबत गुजरातेतल्या वीटभट्टीवर न्यावं लागणार होतं. तिने घमेलं थैलीशेजारी आदळलं.

"साहेब, बठ्ठासले, सगळासले काम शे म्हणतस, मंग मी कोन शे?"

आणि नारळ झोक्यातून वळला तो थेट घमेल्याकडे. टण्ण! घमेल्याला चिकटला.

गर्दी दोन पावलं मागे सरली. बाबा सगळ्यांत जास्त दचकले. "पापी औरत! घमेलं उचल! श्रीफळ बाटलं!"

लोटनच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. विळा. पेटी. घमेलं. दोरी आणि थैली मात्र खोटी! त्याला एकदम इतका आनंद झाला की आपण साहेबांसमोर आहोत हेही तो विसरला.

"हिरीबाई, घमेलं जरा दूर ली जाय. साहेब, एक विनंती. हजेरीपट पेटीतून काढून माझ्या थैलीत घाला आणि माझे कागद पेटीत. मग विचारू नारळाला."

"देवाची परीक्षा?" मुकादम किंचाळला.

"देवाची नाही, पेटीची," लोटन म्हणाला. साहेबांना आता स्वतःलाच उत्सुकता लागली होती. त्यांनी मान हलवली. अदलाबदल झाली. लोटनने स्वतः नारळ फिरवला. मंत्र नाही, काही नाही. नारळ टण्णकन पेटीला चिकटला.

"आता तुमची पाहणी खरी झाली वाटतं!" साहेब म्हणाले.

"अजून एकदा, साहेब." लोटनने पेटी पार रिकामी करून ठेवली. नारळ त्या रिकाम्या पेटीलाही तेवढ्याच भक्तीने चिकटला. आता मात्र मागून पोरांचं हसू फुटलं. "नारयले लोखंड आवडस!" कुणीतरी ओरडलं.

बाबांनी सुतळी हिसडली, नारळ छातीशी धरला आणि धूम ठोकली. पण बाजारात पळायचं तर गाड्यांमधूनच पळावं लागतं. पहिल्याच बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेने, त्या कडेच्या पट्टीने, नारळ असा ओढला की बाबांचे हात मोकळे आणि नारळ चाकाला. बाबांनी ओढला तशी डिंकाने चिकटवलेली करवंटी दुभंगली. आत ना पाणी ना खोबरं. एक जाडजूड काळं कडं तेवढं चाकाला धरून बसलं होतं.

धुडकू पुढे वाकला. "अरे, हाऊ ते मन्हा फुटेल कर्णाना लोहचुंबक शे! मुकादम भंगार सांगीसन लई गया व्हता!"

मग काय विचारता! बाबांची दाढी धरायला दहा हात पुढे आले. तेलामुळे एकाच्याही हाती लागली नाही, पण पोलिसपाटलाने मनगट धरलं. साहेबांनी शेळी मोकळी सोडायला लावली. ती विळेवाल्याकडे ढुंकूनही न बघता दोरीवाल्याच्या मागे गेली.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण लोकांना बाबा लागतो. एकाने लोटनच्या थैलीला कुंकू लावलं, दुसऱ्याने तिच्यापुढे खरा नारळ ठेवला. "सत्य आठेच शे, ह्या थैलीमा! साठ म्हणजे साठ!"

लोटनला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोला. साठचा आकडा गेला तर बंधारा नक्की उघडणार, हिरीबाईची पोर शाळेत राहणार. गप्प बसलं की झालं.

तेवढ्यात पाड्यावरची बुधीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भाऊ, त्या साठमा मी शे का? मी रोज खडी फोडस. तू घर उना तव्हय मन्हा नवराले इचारं, माले नही. तो बोलना, बाई घर ऱ्हास."

लोटनने कागद चाळला. बुधीबाईपुढे त्याच्याच हाताने 'घरकाम' लिहिलेलं होतं. शिवाय त्याने सगळ्यांना विचारलं होतं, काल कामावर गेला होतात का. आणि पाड्यांवर तो नेमका बाजाराच्या दुसऱ्या दिवशी फिरायचा; म्हणजे तो काल कोणता, तर बाजाराचा वार! त्या दिवशी रस्त्यावर कोण असणार? त्याने थैलीवरचं कुंकू पुसलं.

"साहेब, मुकादमांचा आकडा फुगलेला आहे, माझा खंगलेला आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि माणसं समोर आहेत तोवर त्यांनाच विचारा."

मग आंब्याखाली खरा तमाशा झाला. साहेब स्वतः हजेरीपटातलं एकेक नाव वाचू लागले. "आमशा!" कुणी उठेना. "तो ते होयीपासून गुजरातमा शे!" सगळे ओरडले. हजेरीपटात मात्र आमशा कालपर्यंत खडी वाहत होता. त्याची मजुरी कुणाच्या खिशात गेली ते मुकादमालाच ठाऊक. लोटनच्या कागदावरच्या 'घरकाम' वाल्या बायका एकेक करून पुढे आल्या आणि घट्टे पडलेले हात दाखवू लागल्या. दोन्हींकडची चूक काढता काढता आकडा शंभराच्या आसपास येऊन थांबला. म्हणजे निम्म्या माणसांना कामच नव्हतं.

साहेबांनी तोच आकडा लिहिला आणि खाली बंधारा ताबडतोब उघडावा अशी शिफारस केली. हजेरीपट त्यांनी मुकादमाकडे परत दिला नाही.

लोटनने समोरचा नारळ उचलून फोडला आणि खोबरं पोरांना वाटलं. "लोकहो, नारळ खायचा असतो, त्याला विचारायचं नसतं. मुकादमाला विचारा, साहेबांना विचारा, मलाही उलटून विचारा. जो विचारू देत नाही, त्याच्यासमोर हात जोडू नका."

हिरीबाईने घमेलं डोक्यावर घेतलं. साहेबांनी बंधाऱ्यासाठी केलेल्या यादीत पहिलं नाव तिचं चढलं होतं, तरी ती जाईना.

"आता काय ऱ्हायनं, बाई?" लोटनने विचारलं.

"मन्हं नाव तुन्हा कागदवरबी लिख, भाऊ. एक भुलना ते दुसरा याद करी दी."

लोटनने थैलीतून कोरा कागद काढला आणि या वेळी तिचं नाव, तिचं काम तिलाच विचारून लिहिलं.