इमरतीचा रोजचा व्हिडिओ

लोकांना घोडा पाहिजे असतो, लीद नको असते. ह्या एका वाक्यावर आमचा धंदा चालला, आणि ते वाक्य माझं आहे. हे उगाच चारचौघांत आपलं म्हणून सांगायचे.

हे म्हणजे आमचे यजमान, श्रीकांतराव. सरकारी जनावरांचे डॉक्टर. रिटायर झाल्यावर ह्यांनी अधारताल तलावाच्या मागे जागा घेतली आणि पागा उघडली. तीत स्वतःचा एक घोडा नाही, सगळे परक्यांचे! ज्यांना हौस आहे पण अंगण नाही, त्यांनी महिन्याला पैसे द्यायचे आणि त्यांचा घोडा आम्ही सांभाळायचा. त्यात दाणा-चारा, खरारा, नाल, औषधपाणी, सकाळची रपेट सगळं आलं. पण लोकांना तेवढ्यात कुठे भागतं, बाप्पा! राइट टाउनच्या एका दाताच्या डॉक्टरला घोड्यासाठी कूलर पाहिजे होता, तोही खसचा, म्हणजे वाळ्याचा. एका ठेकेदाराचं म्हणणं, त्याला सकाळी भजनं लावत जा, फार रागीट आहे. घोडा गरीब होता हो, रागीट ठेकेदार होता. आणि घोड्याचा मालक कोणीही असो, फाटकातून निघताना हळूच विचारणारच, "त्याला आमची आठवण येते का?" हे म्हणायचे, "येते ना! सारखा दाराकडे बघत असतो." अहो, दाराकडे बघायचा कारण दाणा तिकडून यायचा.

मग हे गेले. भेडाघाटच्या रस्त्याला नवा क्लब झाला, तिथे मऊ रेतीचं मैदान, कॉफी, काय काय. एकेक घोडा तिकडे गेला. ह्यांची एक रीत होती. जनावर द्यावं, दावं देऊ नये. घोडा निघाला की त्याच्या गळ्यातलं आमचं दावं काढून खुंटीवर टांगायचं. भिंतीवरच्या खुंट्या भरत गेल्या आणि ठाणं रिकामी होत गेली. शेवटी एक घोडी राहिली, इमरती.

इमरती मिठाईच्या रंगावरून नाव. आता म्हातारी झाली, पण उन्हात उभी राहिली की अजून तशीच केशरी दिसते. मेघना नावाच्या मुलीची. मेघनाचे वडील इथे फॅक्टरीत अधिकारी होते, मुलगी शाळेत असताना त्यांनी हौसेने घोडी घेऊन दिली. ते आता नागपूरला जाऊन बसले, पोरगी नोकरीला गुडगावला. घोडी माझ्याकडे.

आम्हाला मूलबाळ नाही. शेजारची पुष्पा सकाळी येते, लीद भरून नेते, पण तिच्या म्हशी खोळंबलेल्या असतात, ती काही थांबत नाही. म्हणजे दिवसभर माझं बोलणं ऐकणारं एकच जनावर. मी इमरतीला सगळं सांगते. भाजीवाला कसा लुच्चा आहे ते, गुडघा काय म्हणतो ते. ती कान फिरवते. ह्यांनी कधी एवढंही केलं नाही.

एकदा मेघनाचा फोन आला. "काकू, क्लबवाले तर चोवीस तास कॅमेरा देऊन राहिले. पण मला तुमचे व्हिडिओ आवडतात. तुम्ही रोज एक पाठवत जा ना, मग मी तिला कुठे नाही हलवणार. पक्का."

झालं! त्या दिवसापासून माझा जीव त्या व्हिडिओत अडकला. खरारा करून अंग चमकवायचं, आयाळ विंचरायची, माशा हाकलायच्या आणि मग एका हातात गूळ, एका हातात फोन. लग्नाच्या मुलीला कोणी इतकं सजवलं नसेल. व्हिडिओ गेला की थोड्या वेळाने मेघनाचा लाल बदाम यायचा आणि खाली "माय बेबी!" बदाम आला की मला चहा गोड लागायचा.

एका सकाळी फोनवर माझं बोट कुठे पडलं देव जाणे. व्हिडिओ काढला, पाठवला, दुपारी पडल्या पडल्या बघायला घेतला तर त्यात इमरती कुठेच नाही! आख्ख्या व्हिडिओभर माझंच थोबाड. केस पिंजारलेले, डोळ्यांत पाणी, आणि मी घोडीला म्हणून राहिले, "तू गेलीस तर मी कोणाशी बोलू गं? भिंतीशी बोलू?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता पोरगी काय म्हणेल? परत कसा घ्यायचा तेही येत नाही मला. घाबरत घाबरत खाली बघितलं. लाल बदाम. आणि पुढे, "सो क्यूट! काय शाइन आहे, काकू!"

शाइन! माझ्या थोबाडावर?

मी तशीच उठले, पुष्पाच्या गोठ्यात गेले आणि तिच्या म्हशीचा व्हिडिओ काढला. चांगली काळीकुट्ट, शेणात बसलेली. पुष्पा विचारते, "अम्मा, क्या कर रही हो?" मी म्हटलं, चूप बस. पाठवला. दोन घास खाऊन होईस्तोवर उत्तर हजर. बदाम. "माय बेबी!"

आधी मला इतकं हसू आलं की ठसका लागला. मग रागाने कानशिलं तापली. आणि मग, खरं सांगते, रडू आलं. मी एवढी नटवून पाठवते ते कोणी उघडूनसुद्धा बघत नाही! आणि बघतच नसेल तर घोडी माझ्याकडे राहायचं कारण तरी काय उरलं?

ते लवकरच कळलं. मेघनाचा निरोप आला, ती रविवारी ट्रक घेऊन येणार. क्लबचा कॅमेरा म्हणे ऑफिसात सगळ्यांना दाखवता येतो.

आली. उंच टाचांचे बूट घालून पागेत शिरली. "बेबी!" करून हात पसरले. इमरती माझ्या मागे सरकली आणि माझ्या खांद्यावर नाक ठेवून उभी राहिली. पोरीचे हात तसेच राहिले.

"ओळखत नाही का मला?" ती म्हणाली.

"काहून ओळखेल? आणि तू तरी कुठे ओळखतेस तिला," मी म्हटलं. "म्हशीला बेबी म्हणालीस तू. काढ फोन. काढ म्हणते ना!"

मी तिथेच उभी राहून तिला म्हशीचा व्हिडिओ उघडायला लावला. म्हैस बघून मेघना कशीबशी हसली. पण बोटाने वर सरकवता सरकवता तिला आधीचा व्हिडिओही लागला. पागेत माझाच आवाज आला, तू गेलीस तर मी कोणाशी बोलू गं.

ती हसायची थांबली. मी मान फिरवली. नंतर बघते तर तिचे डोळे भरलेले.

"काकू, मला माहीतच नव्हतं."

"माहीत कसं असणार? बदाम द्यायला उघडून बघावं थोडंच लागतं."

मी हात जोडले नाहीत. नाही, खोटं काहून बोलू, जोडले. म्हटलं, "ठेव गं तिला माझ्याकडे. पैसे नको देऊस. म्हातारी आहे, मीही आहे. राहू आम्ही दोघी."

मेघनाने माझे हात धरले. पण बाहेर ड्रायव्हर हॉर्न देऊन राहिला होता, आणि क्लबात सगळं ठरलेलं होतं, आणि ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी सगळ्यांना सांगून बसले ना, काकू." मग गळ्यात पडली. "तुम्ही तुमचा व्हिडिओ पाठवत जा आता. रोज. तुमचा. मी बघणार. प्रॉमिस!"

मी इमरतीच्या गळ्यातलं दावं काढलं. ट्रकच्या फळीवर ती चढेना, तर मलाच पुढे व्हावं लागलं. गुळाचा खडा दाखवला तशी बिचारी मुकाट्याने आत गेली. दावं मी ह्यांच्या रीतीप्रमाणे खुंटीवर टांगलं.

दुसऱ्या दिवशी लाजत लाजत मी माझा व्हिडिओ पाठवला. लगेच मेघनाचा फोन! किती वेळ बोलली. इमरती खाऊन राहिली, काकू, काळजी नको. मग रोज निरोप यायचा, चांगला लांब. पुढे निरोप आखूड झाला. मी तरी पाठवत राहिले. केस विंचरून, चांगलं पातळ नेसून. सवय लागली होती.

काल सकाळी मी न्हाणीत घसरले. उजवं मनगट टम्म सुजलं. डाव्या हाताने कसाबसा फोन उभा केला आणि म्हटलं, "मेघना, पडले गं मी. हात फार दुखून राहिला. व्हिडिओ बघितलास की जरा फोन कर."

पाठवला आणि फोन मांडीवर घेऊन बसले.

वाजला एकदाचा. लाल बदाम. खाली लिहिलेलं, "किती फ्रेश दिसता, काकू!"

मी उठले, पागेत गेले, खुंटीवरचं इमरतीचं दावं डाव्या हाताने काढलं. त्याला अजून तिचा वास येतो. रिकाम्या ठाणात उकिडवी बसले आणि म्हटलं, "ऐकलंस का इमरती? मी फ्रेश दिसून राहिले म्हणे."