घाटातली चेष्टा

देवासला प्रतापरावांच्या अंगणात दोन गाड्या शेजारी उभ्या होत्या. त्यांची पांढरी ॲम्बेसेडर, पंगतीत बसलेल्या थोरल्या जावेसारखी ऐसपैस. आणि त्यांच्या वहिनी जयवंतीबाईंची निळी फियाट, माहेरी निघालेल्या लेकीसारखी सुटसुटीत. धारहून ती त्यांनी एकटीनं हाकत आणली होती. यजमान मानसिंगराव गेल्यापासून बारा वर्षं त्याच चालवत होत्या.

उद्या जुन्या गाड्यांचा ताफा देवासहून मांडवला निघायचा होता. यादी प्रतापरावांच्या मुलाकडे, अक्षतकडे.

"काकीसाहेब, तुमची गाडी धारपर्यंतच. मांडवचा घाट नाही."

"का रे?"

"कंपेअर केलंय. ॲम्बेसेडर चौदाशे एकोणनव्वद सीसी, तुमची एक हजार एकोणनव्वद. सीधा चारशेचा फरक."

"आणि वजन? तुमची हत्तीण दोन क्विंटल जास्त भरते. ते कोण ओढतं, तुझा बाप?"

प्रतापराव चहाच्या कपात हसले. "पण वहिनी, आमच्यात पाच माणसं पाय पसरून बसतात. तुमच्यात तिसऱ्याला खांदे घरी ठेवून यावं लागतं."

"बसायचंय कुणाला, भावजी? मला चढायचंय."

अक्षतनं मग मानसिंगरावांची वही काढली. गाडीची माहिती हवी म्हणून काकींनीच ती त्याला दिली होती. बोट ठेवून, अडखळत त्यानं वाचलं, "'घाटात हिची चेष्टा करू नये.' घ्या. काकासाहेबच म्हणतात, कोशिशसुद्धा करू नका."

जयवंतीबाईंनी वहीकडे पाहिलं. शेजारी बसून ज्यानं गिअर शिकवले, त्या माणसाला भरवसा नव्हता? त्यांनी वही ओढून घेतली. वाचलं. आणि हसत वही परत त्याच्यापुढं धरली.

"अरे भिया, ही तुझ्या शाळेतली हिंदी चेष्टा नव्हे. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. पुढची ओळ वाच."

"'प्रताप... रेडिएटरमध्ये पाणी घालायला... विसरला. गाडी... घाटातच उकळली. जयवंती वर पोचून... वाट पाहत बसली.'"

प्रतापरावांनी कप खाली ठेवला. "ती वर्षं वेगळी होती, वहिनी. आता गाडी थकली, तुम्हीही पासष्टीच्या. चार लोक बघणार. घाटात अक्षत चालवील, तुम्ही शेजारी बसा. मान तुमचाच."

"मान नको, चाक हवंय. अक्षत, लिही. गाडी फियाट, चालवणार जयवंती मानसिंगराव. नाही लिहिलंस तर यादीबाहेरून येईन. रस्ता काय तुमच्या वडिलांनी बांधलाय?"

अक्षतनं बापाकडे पाहिलं, काकीकडे पाहिलं, आणि लिहिलं.

दुसऱ्या दिवशी घाट लागला. वळणावर वळण, खाली दरी, वर खुरासानी इमलीची जाड बुंध्याची झाडं. जयवंतीबाईंनी दुसरा गिअर टाकला. फियाट कण्हली, घुमली, मग जात्यावरच्या बाईसारखी एका लयीत लागली. मागून ॲम्बेसेडरचा हॉर्न आला. एकदा, दोनदा. भावजींना पुढं जायचं होतं.

जयवंतीबाईंनी आरशात पाहून पदर खोचला आणि रस्त्याच्या मधूनच गाडी हाकत राहिल्या.